स्टेशनकडे उतरणारा बोळ

विश्वनाथला स्टेंट बसवल्यावर कॅनडातल्या किचनर गावचे डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "चालत राहा." म्हणून २०१७च्या ऑक्टोबरात, लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा, तो आणि प्रभा एडिनबरा पायी बघायला गेले. लेक ऊर्मी कॉलेजमुळे घरीच राहिली.

तिसऱ्या दुपारी किल्ला बघून दोघं खाली निघाली. समुद्रावरून धुकं आलं आणि बघता बघता छपरांवरची धुराडी दिसेनाशी झाली. स्टेशनकडे उतरणारा एक दगडी बोळ लागला. दोन्हीकडे उंच काळ्या भिंती, ओल्या कोळशाचा वास, पायऱ्यांवर शेवाळ. प्रभा फोटो काढायला थांबली. फोन पर्समध्ये टाकते न टाकते, तोच विश्वनाथनं तिचा हात धरला.

"बरं झालं धरलात," ती म्हणाली. "पाय सटकतोय नुसता... आणि ग्लोव्ह्ज का काढलेत? हात बर्फासारखा झालाय."

पकड आणखी घट्ट झाली.

अर्धा बोळ उतरल्यावर तिच्या लक्षात आलं... पावलं एकाच माणसाची वाजत होती. तिची.

तेवढ्यात खालून हाक आली. "प्रभा! अगं किती वेळ? कॉफी निवली!"

धुकं जरा विरळ झालं. बोळाच्या तोंडाशी विश्वनाथ उभा होता. हातांत दोन कप आणि हातांवर लोकरीचे ग्लोव्ह्ज.

प्रभानं शेजारी पाहिलं नाही. हात हिसडला, पण सुटेना. तशीच फरफटत ती खाली आली. शेवटच्या पायरीवर ती बोटं सैल झाली... एकेक करून, सावकाश.

विश्वनाथच्या काळजाला धक्का नको म्हणून तिनं हे त्याला कधीच सांगितलं नाही.

किचनरला परतल्यावर आठवड्यानं ऊर्मीला ताप चढला. प्रभा रात्रभर तिच्या उशाशी बसून होती. सकाळी ती चहा गाळत असताना विश्वनाथ मनगट चोळत किचनमध्ये आला.

"स्वप्नबिप्न पडलं होतं का गं? रात्रभर हात सोडला नाहीस माझा."

"मी... मी ऊर्मीपाशी होते."

"चेष्टा पुरे," तो हसला. "सारखं आपलं 'खाली चला, खाली चला'! शेवटी उठलो आणि बेसमेंटच्या पाच पायऱ्या उतरलो की तुझ्याबरोबर."

प्रभाच्या हातातलं गाळणं तसंच राहिलं.

"मग?"

"मग काय? मला धाप लागली. तर तूच म्हणालीस, उरलेल्या उद्या उतरू."