रिकाम्या खुर्चीचं बोलणं

हसायचं असेल त्यांनी आत जाऊन हसा. आणि तू, मोबाइल ठेव खाली, बोलतोय मी.

माझ्या साडूची गोष्ट आहे, सख्ख्या. शिक्षक माणूस. परदेशातल्या शाळेत नोकरी लागली होती, निघायला आठ दिवस उरले होते. बॅगा भरून तयार, म्हणून त्यांचं वजन करायला मी माझा काटा घेऊन गेलो. गुरुवार, रात्रीचे अकरा चाळीस. एवढ्या उशिरा का, तर तिकडे तेव्हा दुपार, आणि तिकडच्या मुख्याध्यापिकाबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा होता. महिनाभर मेलवर त्यांचं छान जमलं होतं. वर्गात मुलं किती, राहायची खोली कुठे, स्वेटर किती आणू... हा विचारायचा, त्या लगेच कळवायच्या.

आता मला त्या रात्री नंतर साडूच्याच तोंडून जे कळलं, ते आधीच सांगून टाकतो. ती नोकरी गणितबाईंची होती. बाई, साडू आणि मी, तिघं एकाच शाळेत. दोघांनी अर्ज केला, निवड बाईंची झाली. पण बाईंनी पत्ता दिला होता आमच्या शाळेच्या मेलचा, आणि तो उघडायचा साडू. त्यानं बाईंच्या नावानं परस्पर कळवलं, ‘घरच्या अडचणीमुळे येऊ शकत नाही.’ मेल पुसून टाकला. यादीत दुसरा नंबर ह्याचाच! बाई रोज मधल्या सुट्टीत विचारायच्या, "आलं का हो काही?" हा तोंड वर करून सांगायचा, "नाही हो बाई." चार महिने. मग तापाचं निमित्त झालं आणि बाई गेल्या. साडू असला म्हणून काय झालं, नीचपणा तो नीचपणाच.

कॉल लागला. मी पलंगावर, कॅमेऱ्याच्या बाहेर. मुख्याध्यापिका हसून इंग्रजीत म्हणाल्या, "बरं झालं, दोघं एकत्रच बसलात."

साडूनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, मी नाही.

"शेजारच्या खुर्चीतल्या बाई," त्या म्हणाल्या. "बोला ना."

खुर्ची रिकामी.

आणि त्या ऐकायला लागल्या. मान डोलावून.

"हो... कधी?"

आवाज? अरे बावळटा, आवाज नव्हताच म्हणतोय ना! साडूनं स्पीकर वाढवला. काही नाही.

"तुमच्या नावानं...?"

पुन्हा मान डोलावली.

"चार महिने...?"

त्यांचं हसू गेलं. साडूकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

साडूला दरदरून घाम. खुर्चीपुढे हात जोडले. आपल्या मराठीत म्हणाला, "बाई, चुकलो. पाया पडतो. एवढ्यावर सोडा..."

मुख्याध्यापिका पुन्हा खुर्चीकडे कान देऊन ऐकायला लागल्या.

मग पलीकडून त्या हळूच म्हणाल्या, "त्या नाही म्हणताहेत."

कॉल तुटला.

सकाळी नोकरी रद्द झाल्याचा मेल. इथल्या नोकरीचा राजीनामा त्यानं कधीच देऊन टाकलेला. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. त्याची कीव करावी असं मला वाटलं नाही, अजून वाटत नाही.

दोन महिन्यांनी त्या शाळेच्या वेबसाइटवर वर्गाचा फोटो आला. चष्मा पुसून पुसून पाहिलाय मी. तिकडची वीस-बावीस पोरं, सगळी खुशीत पुढे बघताहेत. शिकवणारं कुणी दिसत नाही... फळ्यावर सातचा पाढा.

आपल्या अंकांत. अक्षर बाईंचं.