गोळी एक, तऱ्हा दोन

बाबांनी कॅरम स्पर्धेतून माझ्या आणि आजोबांच्या जोडीचं नाव काढून टाकलं! मला न विचारता, आजोबांना न विचारता. मी अशी भडकले की विचारू नका.

आजोबांना पार्किन्सन्स (मेंदूतल्या काही पेशी हळूहळू मरतात आणि हालचाल मंदावते, असा आजार) आहे. गोळी तीच, पण सकाळी ते उंबऱ्यात खिळल्यासारखे अडकतात आणि दुपारी मान, हात आपोआप डोलायला लागतात. सकाळचं अडकणं कमी व्हावं म्हणून दोन्ही वेळची गोळी वाढवली, तर दुपारचं डोलणं वाढलं. ते पाहून शेजारचे सामंतकाका परवा फिदीफिदी हसले, म्हणून बाबांनी नाव काढलं. काकांना चावावंसं वाटलं मला.

"उद्यापासून गोळ्याच बंद!" बाबा म्हणाले.

"अजिबात नाही," आजोबांची काळजी घेणारा आमचा यंत्रमानव खटपट्या म्हणाला. "एकदम बंद केल्या तर जिवावर बेतेल."

"मग असं का होतं ते तरी सांग, पत्र्याच्या डब्या!" मी ओरडले.

खटपट्याला राग येत नाही. त्याचाही मला राग येतो.

"डोपामिन (हालचालीचे निरोप पोचवणारं रसायन) आजोबांच्या मेंदूत कमी पडतं," तो म्हणाला. "गोळीत लेव्होडोपा असतं. मेंदू त्याचं डोपामिन करतो. कमी पोचलं तर अंग अडकतं, जास्त पोचलं तर डोलतं. डोलणं हा गोळीचा दुष्परिणाम."

"पण गोळी तीच ना? मग कमीजास्त कशी पोचते?"

"आतड्यातून रक्तात जायला तिला एक दार लागतं. प्रथिनांचे (दूध, डाळ, अंडी यांतल्या शरीर बांधणाऱ्या घटकांचे) तुकडेही त्याच दारातून जातात. गर्दी झाली, की काही जणांचं औषध बाहेरच ताटकळतं. दुपारची गोळी मी पाण्याबरोबर देतो. सकाळची आई देतात."

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"रिकाम्या पोटी औषध घेऊ नये म्हणून पेलाभर दूध देते," आई म्हणाली. "सगळे असंच देतात की!"

थाड! आजोबांनी टेबलावर मूठ आपटली.

"रोज सांगतोय, दुधाबरोबर गोळी लागू पडत नाही! कुणी ऐकतं का? 'प्या हो अण्णा, हट्ट नको!' अरे, माझा आवाज बारीक झालाय, अक्कल नाही!"

बाबांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, आणि या वेळी तो आजोबांच्या तोंडाशी धरला. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. सकाळची गोळी पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा तास. मळमळलं तर कोरडा टोस्ट. मग मात्रा (एका वेळचं औषध) हळूहळू कमी करून पाहू, म्हणाल्या.

महिन्याभरात आजोबांची सकाळ मोकळी झाली. डोलणं कमी झालं, पण गेलं नाही. बाबांनी स्वतः जाऊन आमचं नाव परत घातलं. आम्ही दुसऱ्याच फेरीत हरलो.

"हा आजार मुळापासून बरा करणारं औषध नाहीच?" घरी येताच मी विचारलं.

"अजून नाही. शोध चालू आहे," खटपट्या म्हणाला.

"अजून नाही म्हणजे काय? करतात काय सगळे? थांब, मीच शोधते!"

आजोबा सोंगट्या मांडत होते. हात जरा डोलत होता.

"चीड, पोरी, खुशाल चीड," ते म्हणाले. "पण नेम धरून."