चुलीवर चढलेलं प्रॅक्टिकल

थर्माकोलचा डबा गळत होता, आणि नेमका शेजारच्या माणसाच्या चपलेवर गळत होता. हर्षदाला ते दिसत होतं, पण डहाणूहून तलासरीला निघालेल्या त्या एसटीत पाय हलवायला जागा नव्हती, तिथे डबा कुठे हलवणार? बाहेर भाद्रपदातली सर येत होती, जात होती. खिडकीची काच काही केल्या लागत नव्हती.

"मासळी विकायला निघालात?" शेजाऱ्याने विचारलं. पाय मात्र मागे घेतला नाही.

"हो," हर्षदा म्हणाली. वरोरच्या मच्छीमाराची लेक ती. झूलॉजीत एमएस्सी झाली म्हणून काय थापा मारायला विसरली होती? "घेणार का?"

"ताजी आहे कशावरून?"

"डोळे बघायचे. चमकदार, काळेभोर असले की ताजी समजायची."

तो बघत राहिला... अंमळ जास्तच.

"मासळीचे," ती म्हणाली. "माझे नाही."

बिचाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्याच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, तान्ह्या बाळासारखं सांभाळून धरलेलं.

"आणि हे काय? देव नेताय?"

"मायक्रोस्कोप आहे. बोर्डीच्या एका सरांकडून मागून आणलाय. आज आमच्या शाळेत... मोठं काम आहे."

आता हर्षदा ताठ बसली. गेले पंधरा दिवस ज्याला ती मोबाइलवर 'माननीय सर' लिहीत होती, तो हाच की काय? माननीय सरांना तिने मनातल्या मनात टक्कल बहाल केलं होतं. इथे तर डोक्यावर कुरळ्या केसांचं रान होतं.

"नितीन सर?"

"...हर्षदा मॅडम? पण मला वाटलं, तुम्ही पन्नाशीच्या..."

"ते वाक्य पुरं करू नका," ती म्हणाली.

वेवजीच्या अलीकडे दोघं उतरले. गळका डबा त्याने घेतला, मायक्रोस्कोप तिने. भाताच्या खाचरांमधून चालता चालता तो मोकळा झाला. शाळा दहावीपर्यंतच. पुढे सायन्स घ्यायचं तर दोन एसट्या बदलून जायचं, आणि एक चुकली की दिवस गेला. गेल्या वर्षी पहिली आलेली मालू महिनाभर गेली, मग थांबली. आता चिकूच्या वाडीत कामाला जाते.

"यंदा तानी आहे. नर्सिंगला जायचंय तिला. आज वर्गाला मंजुरी देणाऱ्या समितीच्या बाई येतायत. मुलं हाताने प्रयोग करताना दिसली, तर अकरावी सायन्स आमच्याच शाळेत. नाहीतर..." त्याने गळका डबा दुसऱ्या हातात घेतला.

म्हणून तर डब्यात बारा बांगडे होते. दोघांत एक, असं मुलांनी ते हर्षदाच्या हाताखाली चिरायचे होते. कल्ले कुठे, हृदय कुठे, सगळं बाईंसमोर दाखवायचं होतं.

आता खरं सांगायचं तर पुढचा घोळ हर्षदानेच घातला. शाळेच्या स्वयंपाकघरातून सोनीबाई पुढे आल्या आणि हिने डबा सरळ त्यांच्या हातात दिला, एक शब्द न बोलता. का? तर नितीन ओले केस त्या टॉवेलाने पुसत होता आणि हिचं लक्ष तिकडे. प्रेमात पडायला एवढी घाई बरी नव्हे, पण आता कोण सांगणार?

दीड तासाने वर्गात खमंग वास आला. हर्षदा धावत सुटली. चुलीवर टोपात बाराच्या बारा बांगडे रटरटत होते.

"मावशी, हे काय केलंत?"

"पावन्याने आणलेला मासा आम्ही ठेवत नाय, बाय," सोनीबाई शांतपणे म्हणाल्या. "आला का चुलीवर. पयला घास पावन्याला."

हर्षदाचे डोळे भरून आले. दारात नितीन उभा. तो रागावला असता तर बरं झालं असतं, पण तो नुसता म्हणाला, "माझंच चुकलं. मी सांगायला हवं होतं." आणि तेवढ्यात समितीच्या बाईंची गाडी आवारात शिरली.

पाहुण्यांना आधी जेवण, हाही तिथला शिरस्ताच. बाई मुलांच्या पंगतीत बसल्या. एवढ्यात कोपऱ्यातून तानीचा आवाज आला.

"मॅडम, याचे सगळे काटे सुटे झाले. मी लावून बघू?"

पानाच्या कडेला तिने पाठीचा कणा ठेवला, त्याला फासळ्या जोडल्या, डोकं लावलं. पोरांनी पाहिलं आणि सगळी पंगत काटे मांडायला लागली. अख्ख्या रांगेत बांगड्यांचे सांगाडे उभे राहिले. हर्षदाने डोळे पुसले आणि शिकवायला उकिडवी बसली.

"मॅडम, कच्च्या माशाच्या डोळ्यातला मणी काचेसारखा असतो," तानीने विचारलं. "शिजल्यावर पांढरा का होतो?"

हर्षदा उत्तर देणार, तर बाईंनी हात वर केला. "तुला काय वाटतं?"

तानी जरा घुटमळली. "अंड्याचंपण असंच होतं... म्हणजे दोघांत काहीतरी सारखं असेल."

बाईंनी हात धुतले आणि चष्मा लावून कागद पुढे ओढला. "प्रयोगशाळा तुमची लहान आहे," त्या नितीनला म्हणाल्या, "पण शिफारस मी करणार."

पुढच्या श्रावणात नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या आणि अकरावीचा वर्ग भरला. हजेरीत पहिलं नाव तानीचं. मालूनेही वाडीचं काम सोडून नाव घातलं. हर्षदा वर्षभर दर गुरुवारी शिकवायला येत होती, आणि दर गुरुवारी नितीन थांब्यावर काहीतरी बोलायला तोंड उघडायचा आणि पावसाविषयी बोलायचा. पाऊस नसला तरी.

वर्ग भरल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी ती दोन डबे घेऊन उतरली.

"एक वर्गात चिरायला," ती म्हणाली. "दुसरा तुमच्या आईसाठी."

"आईने कुठे मागवली मासळी?"

"नाही मागवली. पण आमच्या वरोरला कुणाकडे काही मागायला जायचं, तर रिकाम्या हाताने जात नाहीत."

"काय मागणार आहात?"

हर्षदाने नुसतं त्याच्याकडे बघितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, अगदी त्या दिवशीसारख्या.

"हर्षदा..." मॅडम न म्हणता तो पहिल्यांदाच बोलत होता. "एसटीत तुझा डबा माझ्या चपलेवर गळत होता."

"माहीत आहे. मला दिसत होतं."

"मलाही दिसत होतं. पाय मागे घ्यायला जागा होती."