रावणाचा अर्ज

सीतेला पळवल्याची जाहीर कबुली देणाऱ्या माणसाला नोकरी द्यावी काय? वेंगुर्ल्याच्या लाटवीज केंद्रातला पारखी हा निवड-यंत्रमानव या प्रश्नाशी फार वेळ थबकला नव्हता. दिगूमामाचा अर्ज त्याने सरळ बाजूला सारला होता.

लाटांवर फिरून वीज देणारी केंद्रातली चक्रे दुरुस्त करावीत, हे मामाचे कित्येक वर्षांचे स्वप्न. म्हणून त्याची भाची कस्तुरी त्याला ओढतच केंद्रात घेऊन आली.

"कारण सांग," तिने पारखीला दरडावले.

"यांचे समाजमाध्यमावरचे प्रोफाइल (माणसाने स्वतःच मांडलेली स्वतःची ओळख) पाहिले. लालबुंद डोळे, उपसलेली तलवार. खाली मजकूर: 'काल सीता पळवली, आज द्रौपदीची पाळी!' अनुमान (दिसलेल्या खुणांवरून बांधलेला अंदाज): उमेदवार धोकादायक."

कस्तुरी खो-खो हसत सुटली. "अरे शहाण्या, मामा दशावतारी नाटकात काम करतो! जत्रेत रावण होतो, दुःशासन होतो."

"रावणाक नोकरी कोण देतलो गो?" मामाने कपाळाला हात लावला. "चल घराक."

"थांब रे! पारखी, त्या फोटोंमुळे तू दिलेले गुण बदलले का, हे कसं ओळखायचं?"

पारखीचे दिवे लुकलुकले. "नियंत्रित प्रयोगाने (बाकी सारे तसेच ठेवून एकच गोष्ट बदलून पाहण्याने)."

"मग कर की!"

मामाने अर्जासोबत दिलेली दुरुस्ती-चाचणी त्याने दोनदा तपासली. प्रोफाइल उघडे ठेवून बत्तीस गुण आले; मिटून ठेवल्यावर एक्याण्णव.



"उत्तरे तीच, हातही तेच," पारखी हळूच म्हणाला. "रंगीत काच माझ्या डोळ्यांवर होती. हा पूर्वग्रह (पारखण्याआधीच ठरलेले मत)."

"आणि कुणाचा गोड हसरा फोटो पाहून जास्त गुण दिलेस?"

"तपासतो… दिले आहेत. पुष्कळांना."

"बघ! सगळ्यांचे अर्ज पुन्हा तपास."

पारखीने सारी प्रोफाइले मिटली आणि केवळ काम पाहिले. नव्या निवडीत मामा होता. आणि जिचे प्रोफाइलच नव्हते म्हणून जी वगळली गेली होती, ती एक कोळीण मुलगीही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाने अडकलेले पहिले चक्र उघडले, साफ केले, जोडले. लाट आली, चक्र फिरले, पाण्यावर उजेड सांडावा तसा मामा हसला. धक्क्यावर टाळ्या पिटणाऱ्या कस्तुरीला वाटले, माणसाकडे नीट पाहायला यंत्रे आत्ता कुठे शिकू लागली आहेत. आणि त्यांना शिकवायला आपल्याजवळ अशा कितीतरी सकाळी आहेत.