गॅसवरचं भरीत

सकाळी सात वाजेपर्यंत रमाकांत बोंडे तीन गोष्टींवर संतापले होते. नव्या सौर अधिभारावर, एका मंत्र्याच्या विधानावर आणि एका नटीने तिसरं लग्न मोडून पुन्हा त्याच माणसाशी केलेल्या चौथ्या लग्नावर. ते स्वतः त्या वेळी झोपेत होते.

यात नवल काही नव्हतं. सावतखेड्यात आता सगळेच झोपेत संतापत. माणूस उठून दात घासेपर्यंत त्याच्या मतदूताने बातम्या वाचलेल्या असत, प्रतिक्रिया टाकलेल्या असत, दोन-चार जणांना शिव्या घातलेल्या असत आणि दोन-चार खाल्लेल्याही असत. मतदूत म्हणजे फोनमधला एक प्रोग्रॅम. त्याला एकदाच चाळीस प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायची. त्यावरून तो तुमचा स्वभाव, तुमची बोलण्याची ढब, तुम्हाला कशाचा राग येतो हे सगळं उचलतो आणि पुढे जन्मभर तुमच्या वतीने मतं मांडतो. जगात बातम्या इतक्या झाल्या होत्या, आणि प्रत्येक बातमीवर मत असलंच पाहिजे असा दंडक इतका पक्का झाला होता, की लोकांनी हुश्श करून मतदूत घेतला. पाटा-वरवंटा सोडून मिक्सर घेतला होता तसाच.

या संतापांचं मीटर रीडिंग घ्यायला वृंदा अत्तरदे दुपारी चारला स्कूटरवरून निघाली.

तिच्या हुद्द्याचं नाव मतपडताळणीस. गावात मोठा प्रकल्प आणायचा तर लोकांची मतं मोजायची, असा कायदा होता. मोजायला यंत्र होतं. पण मतामागे खरोखर माणूस आहे का, हे माणसानेच पाहावं असं कोर्टाने म्हटलं, आणि नगरपालिकेने कंत्राटी पद्धतीने एक माणूस नेमला. तो माणूस म्हणजे वृंदा. काम सोपं होतं. दारात उभं राहायचं, ओळखपत्र दाखवायचं आणि विचारायचं, "हे मत तुमचंच का?" उत्तर एकतर हो, नाहीतर नाही. तिच्या यंत्रावर बटणंही दोनच होती.

लोक हो म्हणत. नाही म्हटलं तर ती आणखी प्रश्न विचारत दारात थांबेल, अशी भीती. काल एका आजोबांनी दार न उघडताच आतून विचारलं होतं, "बाजूने आहे का विरोधात?"

"विरोधात आहे, आजोबा."

"मग माझंच असेल."

तीन वर्षं हे ऐकून वृंदाच्या पायांपेक्षा कान जास्त दुखत. घरी गेल्यावर आईने "भाजी कोणती करू?" असं विचारलं तरी तिला वाटे, या बाईला आपल्याकडून काय हवंय?

आजचं काम मात्र जोखमीचं होतं. नदीकाठच्या पडीक जागेवर वीजकोठार बांधायचं की नाही, याची परवा सुनावणी होती. गावाजवळचं जुनं औष्णिक केंद्र बंद पडलं होतं. दिवसा घरोघरच्या सौर पत्र्यांवर ऊन धो धो वीज करी आणि ती घ्यायला कोणी नसे. दिवेलागणीला सगळ्यांना एकदम वीज हवी असे आणि नेमकी तेव्हा ती जाई. वीजकोठार म्हणजे बॅटऱ्यांनी भरलेल्या मोठ्या पेट्यांची रांग. दिवसाची वीज साठवायची, रात्री सोडायची. एवढंच. पण त्यावर सावतखेड्याच्या प्रतिक्रिया गावाच्या लोकसंख्येच्या कैकपट झाल्या होत्या, आणि त्यांत आगीपासून परकीय हातापर्यंत सगळं येऊन गेलं होतं.

या गदारोळाचा उगम दोन घरांत होता, आणि त्यांची भिंत एकच होती. अलीकडे बोंडे, पलीकडे फालक. दोघेही औष्णिक केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांचे मतदूत गावात सगळ्यांत आधी आले आणि सगळ्यांत जोरात भांडले. नंतर ज्यांना चाळीस प्रश्नांचा कंटाळा आला त्यांच्यासाठी कंपनीने सोय केली: दुसऱ्या कोणाचा तरी साचा घ्या. तेव्हा अर्ध्या गावाने 'बोंडेसारखं' निवडलं आणि उरलेल्यांनी 'फालकसारखं'. बोंडेसारखे वीजकोठाराच्या विरोधात, फालकसारखे बाजूने. बोंडेसारखे थोडे जास्त होते. आता ही दोन मूळ मतं खरी आहेत, एवढं वृंदाने लिहून दिलं की बाकीची आपोआप खरी ठरणार होती. मग वीजकोठाराची फाईल बंद.

तिने आधी बोंडेंचं दार वाजवलं.

"या बाई," बोंडे म्हणाले. दारातच मोटारीच्या वायरचं एक भलंमोठं भेंडोळं खुंटीला टांगलेलं होतं. "कशाबद्दल आहे?"

"वीजकोठार, काका. 'गावाच्या छातीवर हा बॅटऱ्यांचा बाँब आम्ही ठेवू देणार नाही.' हे मत तुमचंच का?"

"मी असं म्हणालो?"

"चारशे वेळा."

"बाप रे." बोंडेंनी चष्मा पुसला. "जोरात म्हणालो की. टाका हो म्हणून. आणि त्या शेजारच्याचं काय म्हणणं आहे?"

"ते बाजूने आहेत."

"असणारच. अन्नाशी इमान नाही त्या माणसाला, वीजकोठाराशी काय असणार?"

वृंदाचं बोट 'हो' वर होतं. "अन्नाशी म्हणजे?"

बोंडेंचा चेहरा पहिल्यांदाच जिवंत झाला. "मला म्हणतो, मी परजिल्ह्यातली वांगी आणतो! मी! सव्वीस वर्षं आमची भरीत पार्टी आहे, बाई. फालकच्या केळीच्या मळ्यात. दर थंडीत बामणोदला जाऊन मी स्वतः वांगी निवडतो. आणि हा फालक सगळ्या जगासमोर लिहितो की बोंडेची वांगी परजिल्ह्यातली. यंदा पार्टी झाली नाही. हंगाम संपला. आता वांग्यात बिया धरल्या."

"ते त्यांच्या मतदूताने लिहिलं असेल, काका."

"मतदूत शिकतो कोणाकडून? मालकाकडूनच ना? पोटात असल्याशिवाय ओठात येत नाही."

वृंदाने भेंडोळ्याकडे बोट केलं. "ही वायर?"

बोंडे हळू आवाजात म्हणाले, "कुसुमवहिनींना प्राणवायूचं यंत्र लावलंय. संध्याकाळी वीज गेली की माझ्या छपरावरच्या बॅटरीतून भिंतीवरून वायर टाकायचो. दीड महिन्यापूर्वी फालकने ती गुंडाळून माझ्या ओट्यावर आणून टाकली. म्हणे, तुझ्या विजेवर माझी बायको श्वास घेणार नाही." त्यांनी पुन्हा चष्मा पुसला. "त्याने जुन्या रिक्षाची बॅटरी आणलीय. किती चालते देव जाणे. मी रोज भिंतीला कान लावून बसतो, बाई. यंत्राचा आवाज येतोय ना, म्हणून."

वृंदाने 'हो' दाबलं नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. ती म्हणाली, "आधी तिकडे जाऊन येते."

फालकांच्या घरात रिक्षाची बॅटरी देवघराशेजारी ठेवली होती. तिला कोणीतरी हळदकुंकूही लावलं होतं. खाटेवर कुसुमकाकू नाकात नळी घालून लसूण सोलत होत्या. यंत्र घरघरत होतं.

"बाजूने आहे मी," फालक ती बसायच्या आत म्हणाले. "टाक हो."

"का बाजूने आहात, काका?"

हा प्रश्न तिच्या कामात नव्हता. फालकांनी भुवया उंचावल्या. "का म्हणजे? तो विरोधात आहे ना."

"आणि ते विरोधात का आहेत?"

"कारण तो हलकट आहे. त्याने काय लिहिलं माहितीये? 'फालकचं भरीत गॅसवरचं असतं!'" त्यांचा आवाज चिरकला. "गॅसवरचं! पोरी, अख्ख्या खान्देशात माणसाला याहून वाईट काय बोलशील? बापाचं नाव काढ, चालेल. मी पहाटे उठून कपाशीच्या काड्या रचतो, हाताला फोड येतात. गॅस! वर्मी घाव कसा घालायचा हे बरोबर ठाऊक त्याला."

खाटेवरून एक विचित्र आवाज आला. वृंदाला वाटलं यंत्र बिघडलं. पण काकू हसत होत्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, फालकांनी धावत जाऊन पाठ चोळली, आणि दम जागेवर आल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, ते त्यांनी नाही म्हटलं. तुम्हीच म्हटलंय."

"मी?"

"पाच-सहा वर्षं झाली असतील. मळ्यात. भरीत आणि कळण्याच्या भाकरी हादडून दोघं केळीखाली लोळत होतात. ते नवीन आलेलं, मतदूत. चाळीस प्रश्न. बोंडेभाऊजी म्हणाले, 'भो, मला माझ्याबद्दल काही सांगता येत नाही, तूच सांग.' मग तुम्ही त्यांचा फोन घेतलात, त्यांनी तुमचा. तुम्ही त्यांचा आवाज काढून उत्तरं देत होतात, ते तुमचा. मी भरीत ठेचायची लाकडी बडगी धुता धुता ऐकत होते. हसून हसून माझ्या हातातून बडगी निसटली होती."

फालक खाली बसले. बरोबर बॅटरीवर.

"त्यात एक प्रश्न होता," ते म्हणाले. "समोरच्याला सगळ्यांत जास्त लागेल असं काय बोलाल?"

"मग?"

"बोंडेच्या फोनवर मी सांगितलं, गॅसवरचं भरीत." त्यांनी वृंदाकडे पाहिलं. "मला सगळ्यांत जास्त काय लागेल ते मलाच ठाऊक ना, पोरी."

"आणि परजिल्ह्यातली वांगी?"

"ते त्याने सांगितलं असणार. त्याला काय लागतं ते त्याला ठाऊक." फालकांनी कपाळावर हात मारला. "आणि त्याच्या नावावर मी काय काय बोललो होतो! सरकार काहीही म्हणो, तू नाही म्हणायचं. कोणी काही बांधायला निघालं की बाँब म्हणायचं. गंमत होती ती! बोंडे असा नाहीच. हॉटेलात चहा थंड आला तरी तो वेटरची माफी मागतो."

वृंदाच्या डोळ्यांसमोर गाव उभं राहिलं. हजारो फोन. अर्धे फालकांनी काढलेली बोंडेंची नक्कल, अर्धे बोंडेंनी काढलेली फालकांची. त्या दोन नकला सौर अधिभारावर, निवडणुकांवर, नटीच्या लग्नावर वर्षानुवर्षं भांडत होत्या, त्यापायी भाऊबंद एकमेकांच्या लग्नाला जात नव्हते, आणि परवा त्याच नकला वीजकोठाराचा निकाल लावणार होत्या. भरपेट जेवलेल्या दोन माणसांनी केळीखाली लोळत केलेली चेष्टा म्हणजे सावतखेड्याचं लोकमत.

"काका," ती म्हणाली, "मग तुमचं खरं मत काय? वीजकोठार हवं का नको?"

फालकांनी डोकं खाजवलं. "मी विचारच केला नाही गं," ते म्हणाले. "मत होतं ना माझ्याकडे."

बाहेर ऊन उतरलं होतं. दिवेलागणी झाली आणि रोजच्यासारखी वीज गेली. पंखा मंदावला. यंत्राने एक गचका दिला आणि रिक्षाच्या बॅटरीवर पुन्हा सुरू झालं, पण आवाज बसका होता. फालक उठून बॅटरीकडे टक लावून पाहू लागले. थोड्या वेळाने यंत्र पीं-पीं करू लागलं. काकूंनी लसणाची पाटी बाजूला ठेवली.

"चढला नाही करंट," फालक पुटपुटले. "आज दुपारी नीट चढलाच नाही." ते भिंतीपाशी गेले. तिथे उभे राहिले. हाक मारायची तर काय म्हणून मारायची, हे त्यांना सुचेना.

हाक मारावी लागली नाही. भिंतीच्या वर, आढ्याखालच्या मोकळ्या जागेतून वायरचं टोक आत पडलं. पाठोपाठ बोंडेंचा आवाज आला, "भो, लाव लवकर! पीं-पीं ऐकू येतंय मला इथे!"

फालकांना अंधारात सॉकेट सापडेना, म्हणून पिन वृंदानेच लावली. यंत्र पुन्हा भरदार घरघरू लागलं. काकूंनी डोळे मिटून दोन श्वास घेतले.

भिंतीवर बोंडेंचं डोकं उगवलं. खाली ते बहुधा स्टुलावर उभे असावेत. "वहिनी, बरं आहे ना?"

"बोंडे," फालक म्हणाले, "ते गॅसवरचं भरीत मीच म्हटलं होतं."

बोंडेंना हे समजावून सांगण्यात बराच वेळ गेला. समजल्यावर ते स्टुलावरून पडले, पण लागलं नाही.

"मग आता माझ्या मताचं काय करायचं?" भिंतीपलीकडून त्यांनी विचारलं. "बाई, टाका नाही म्हणून."

"'नाही' असं टाकलं तर तुमच्या साच्यातली सगळी मतं रद्द होतात, काका. फालककाकांनी नाही म्हटलं तर त्यांचीही. मग गावाला वीजकोठाराबद्दल मतच उरत नाही. शून्य. मत नसलेल्या गावाला काय द्यायचं, हे कायद्यात लिहिलेलंच नाही."

"मग खरं मत टाका."

"सांगा ना."

"नदीला पूर आला तर त्या पेट्यांचं काय होतं?" बोंडे म्हणाले. "ते विचारायला हवं कोणाला तरी."

"आणि रोज संध्याकाळी ही वायर किती वर्षं टाकणार तू?" फालक म्हणाले. "आणि ज्यांच्या शेजारी बोंडे नाही त्यांनी काय करायचं?"

वृंदाने यंत्राकडे पाहिलं. हो. नाही. हे कुठे लिहायचं, याला बटण नव्हतं.

"तुला काय वाटतं गं?" काकूंनी विचारलं.

वृंदाला वाटलं, आपल्याला हे तीन वर्षांत कोणी विचारलं नाही. ती लगेच बोलायला गेली. वाक्य तयारच होतं, थेट जिभेवर आलं: गावाच्या छातीवर हा बॅटऱ्यांचा बाँब... तिने ओठ घट्ट मिटले. नोकरीवर रुजू होताना मतदूत सक्तीचा होता, मागे रांग होती, आणि तिने घाईत पहिला साचा दाबला होता. पण मतदूत फोनमध्ये होता. हे वाक्य तोंडात कधी आलं?

"थांबा हं, काकू," ती म्हणाली. "मला जरा वेळ द्या."

ती उंबऱ्यावर बसली. अंधार पडत होता. भिंतीपलीकडे बोंडे पुन्हा स्टुलावर चढत होते. फोन दोनदा थरथरला. तिच्या वतीने कशावर तरी मत नोंदवलं गेलं होतं. तिने तो पालथा ठेवला.

यंत्र घरघरत राहिलं. मग काकू लसणाची पाटी पुन्हा मांडीवर घेत म्हणाल्या, "अगं, किती वेळ लागतो एक मत यायला?"