स्टिअरिंगची ऊब

करुणा डॉक्टरीण कशाला म्हणून घाबरत नसे. मारक्या म्हशीला नाही, रात्री-अपरात्रीच्या फोनला नाही आणि तालुक्याच्या साहेबाला तर मुळीच नाही. तिचे हात मात्र थंडीला घाबरत. दिवाळी सरली की तिची बोटं आधी पांढरीफटक पडत, मग निळसर होत, आणि पुढे पुढे ती आपली आहेत की शेजारणीची, तेच तिला कळेनासं होई.

दुसऱ्या कुणाचं याने फारसं अडलं नसतं. पण अंथुर्ण्याच्या जनावरांच्या दवाखान्यात तिची नेमणूक होती. गाय अडली, की तिच्या पोटात हात घालून वासराची मान कुठे आणि पाय कुठे, हे बोटांनीच बघावं लागतं. तिथे बोटं बहिरी असून कसं चालेल? पुण्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की हात उबेत ठेवा, नाहीतर फिरतीचं काम सोडा. पुण्यात टेबलावरची एक जागा मोकळी होत होती आणि करुणाने हिवाळा संपेपर्यंत काय ते कळवायचं होतं. तिला टेबलाची कल्पनाच सोसत नव्हती. चिकट, ओलं वासरू पहिल्यांदा फुरफुरतं, त्या क्षणासाठी ती जगत होती, आणि हे ती कुणालाही तोंडावर सांगत असे.

बारामतीहून अंथुर्ण्याला ती भल्या पहाटे निघे. गाडी जुनी, पांढरी. हीटर कधीचाच गेलेला. काटेवाडी मागे पडली की कालव्यावरचं धुकं रस्त्यावर उतरायचं, भवानीनगरच्या बाजूला उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागायची आणि स्टिअरिंग हातात बर्फाच्या लादीसारखं लागायचं. हातमोजे घालून बघितले, पण त्यांनी स्टिअरिंग सटकायचं. एकदा ती एका उसाच्या ट्रॉलीखाली जाता जाता वाचली. घरी मात्र तिने हे सांगितलं नाही.

सांगितलं ते हिंदुरावांना. हिंदुराव वडगाव निंबाळकरचे. एमआयडीसीच्या रस्त्याला त्यांचं गाड्यांच्या वायरिंगचं गॅरेज होतं. माणूस आडदांड, पंजे फावड्याएवढे, डाव्या हाताची करंगळी मात्र निम्मीच. उरलेली कधीतरी एका पंख्याच्या पट्ट्याने नेली होती. त्यांची म्हैस आदल्या हिवाळ्यात अडली होती, ती करुणाने सोडवली होती.

"मॅडम, एवढंच व्हय?" हिंदुराव हसले. "थंड मुलखातल्या गाडीचं एक स्टिअरिंग आलंय भंगारात. आत तारांची जाळी आस्ती. बटन दाबलं की गरम. तुमच्या गाडीला ते बसायचं न्हाय, पर जाळी काढून तुमच्याच स्टिअरिंगवर बसवतो, वरनं कातडं शिवतो. गाडी ठिवून जा."

"किती होतील?"

"पैशाचं नाव काडू नगा. माझ्या म्हशीला तुमी हात दिला, आता माझ्या हातचं एवढं घ्या."

दोन दिवसांनी ते स्वतः गाडी घेऊन घरी आले. काळं कातडं इतकं नेटकं शिवलं होतं, की टाका शोधून सापडेना. मागच्या सीटवर स्टीलचा डबा होता. ती म्हैस पुन्हा व्याली होती आणि हिंदुरावांच्या बायकोने, बानूबाईंनी, चीक पाठवला होता. करुणाच्या घरी त्याचा खरवस झाला, बोटं चाटून संपला. डबा घासून ती जाता-येता गॅरेजवर देऊन आली आणि विसरली.

पहिल्या पहाटे तिने बटण दाबलं. ऊब हळूहळू तळव्यात शिरली, बोटांच्या पेरांत उतरली, आणि भवानीनगर येईपर्यंत करुणा एकटीच गाडीत हसत होती. तिने हिंदुरावांना फोन केला.

"झकास चाललंय हो! तुम्हाला माहीत नाही, तुम्ही मला काय दिलंत."

पलीकडे हिंदुरावांनी आधी नुसतं "आं?" केलं. मग म्हणाले, "चालतंय न्हवं? मग झालं तर."

त्या आठवड्यात दगडाबाई नावाच्या म्हातारीची गाय अडली. म्हातारीची सगळी मदार त्या एका गाईवर. वासराची मान मागे वळलेली होती. करुणाने हात घातला आणि तिला सगळं सगळं कळलं, कान, जबडा, ओठ, अगदी जिभेची हालचालसुद्धा. वासरू जिवंत निघालं. दगडाबाईने तिचे हात धरले आणि आपल्या कपाळाला लावले.

"किती गरम हायत गं बाई," म्हातारी म्हणाली.

त्या दिवशी करुणा परत येताना गाडीत रडली. आनंदानेच रडली.

मग एका पहाटे ती गाडीत बसली, स्टिअरिंग धरलं, आणि तिच्या लक्षात आलं की आपण अजून किल्लीच फिरवलेली नाही. स्टिअरिंग उबदार होतं.

करुणा ज्ञानदेव मास्तरांची मुलगी. त्यांच्या घरात देव्हारा नव्हता, अंगारा नव्हता. जे दिसेल त्याला 'का' म्हणून विचारायचं, एवढा एकच रिवाज होता. तिने विचारलं. कातडं उष्णता धरून ठेवत असेल. पण गाडी रात्रभर उघड्यावर होती आणि काचेवर दव होतं.

आता ती लक्ष देऊ लागली. ऊब सगळ्या स्टिअरिंगला नव्हती. डावीकडे एक जागा आणि उजवीकडे एक, एवढीच. दोन्ही जागा तिच्या तळव्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या. बोटाने चाचपलं तर ऊब कुठे सुरू होते आणि कुठे संपते, ते नेमकं लागायचं. डाव्या जागेच्या खालच्या टोकाला ऊब मध्येच तुटत होती. तिने तिथे आपली करंगळी ठेवून बघितली. करंगळीच्या पहिल्या पेरापर्यंत ऊब होती, पुढे कातडं गार.

तिने पटकन हात काढून घेतला. मग, कामाला उशीर होत होता म्हणून, पुन्हा ठेवला.

इंदापुरात मीटिंग होती, त्या दिवशी तिने तिथल्याच एका वायरमनकडून गाडी बघून घेतली. तो स्टिअरिंगखाली डोकं घालून बराच वेळ खुडबुडला.

"मॅडम, हे चालू कधी व्हतं?"

"रोज चालू असतं."

"कसं चालंल? वायरीच जोडल्या न्हाईत. ह्या बगा, दोन्हींस्नी टेप लावून ठिवलाय. जोडू का?"

"नको," करुणा म्हणाली. आपण नको का म्हणालो, हे तिला परत येताना वाटेतही सांगता आलं नाही.

ती घरी न जाता सरळ गॅरेजवर गेली. ऊन चांगलं तापलं होतं. हिंदुराव खुर्चीत बसले होते, हातात लोकरीचे जाड मोजे, आणि पुढ्यात पाटीत निखारे. हाताखालची माणसं काम करत होती. बानूबाई डबा घेऊन आल्या होत्या, त्या नवऱ्याला घास भरवत होत्या.

"या मॅडम!"

"वायरी जोडलेल्याच नाहीत," करुणा म्हणाली.

"व्हय, फ्यूज मिळाला न्हवता बगा, म्हून जोडायचं ठिवलं व्हतं. पर तुमी म्हनला चालतंय. म्हटलं, कुनी दिलं आसंल जोडून."

"हातांना काय झालं?"

"गारठा बसलाय. न्हाय जात. पेचकस धरायला येत न्हाय."

तिने मोजे काढले. माणसांची डॉक्टर नसली तरी हात बघणं तिला येत होतं. मनगटापर्यंत पांढरे, नाडी ठीक, सूज नाही. आणि गार, इतके गार, की त्यांच्यावर धरलेल्या तिच्या स्वतःच्या बोटांतून उष्णता निघताना तिला कळत होती.

"कधीपासून?"

"तुमची गाडी दिली, त्याच सुमारापासनं की," बानूबाई म्हणाल्या. त्यांनी हातातला घास डब्यात ठेवला. मग खाली बघूनच म्हणाल्या, "डबा रिकामा आला व्हता, बाई."

"काय?"

"चिकाचा डबा. आमच्यात रिकामा न्हाय धाडत. साखर, गूळ, न्हाय तर मूठभर दाणं तरी घालत्यात. न्हाय घातलं तर धार आटती म्हणत्यात. म्या म्हटलं, शिकल्याल्या मान्सांत नसंल तसलं काय."

"मग म्हैस आटली?"

"न्हाय," बानूबाई म्हणाल्या. "म्हस झ्याक हाय."

आणि त्यांनी नवऱ्याच्या हातांवर मोजे पुन्हा चढवले.

हिंदुराव हसून म्हणाले, "हिचं काय ऐकता! तुमचं हात चाललं पायजेत, मॅडम. माझं काय, पोरं करत्यात काम." करुणाने स्टिअरिंग काढून टाका म्हणून पुष्कळ विनवलं, पण ते ऐकेनात. दिलेली वस्तू परत घेणाऱ्यातला माणूस नव्हे तो. तिला त्यांच्या त्या हसण्याची लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल माया इतकी दाटून आली की तिला धड निरोपही घेता आला नाही.

घरी येऊन तिने नवऱ्याला, बुद्धघोषला, सगळं सांगितलं. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. वाटलं होतं, हसेल. तो हसला नाही.

"रीत राहिली तर पाळून टाकू. त्यांना बरं वाटेल, तुला झोप लागेल," तो म्हणाला. तेवढ्यात दगडाबाईच्या गावाहून फोन आला म्हणून करुणा तशीच निघून गेली. ती परतली तोवर त्याने सगळं करून ठेवलं होतं. बाजारात जाऊन तसलाच डबा आणला होता, गुऱ्हाळावरचा ताजा, अजून कोमट असलेला गूळ आपल्या लांबसडक बोटांनी त्यात दाबून दाबून भरला होता, आणि वडगावला जाऊन बानूबाईंच्या हातात देऊनही आला होता.

"काठोकाठ भरला," तो म्हणाला. "तुझ्या वतीने."

दुसऱ्या दिवशी सकाळीच हिंदुरावांचा फोन आला. आवाज मोकळा, खणखणीत.

"मॅडम, मोजं काडलं बगा! पेचकस धरलाय हातात!"

करुणाने डोळे मिटले. तिला कुणाचे आभार मानावेत ते कळेना, म्हणून तिने सगळ्यांचेच मानले, हिंदुरावांचे, बानूबाईंचे, त्या म्हशीचे, आणि सगळ्यात जास्त आपल्या नवऱ्याचे. मग मनाची तयारी करून गाडीत बसली. आता स्टिअरिंग गार लागणार. लागू दे. बोटं गेली तर गेली, पुण्याचं टेबल तर टेबल.

तिने स्टिअरिंग धरलं.

ते उबदार होतं.

तिने ते आणखी घट्ट धरलं. म्हणजे हिंदुरावही बरे आणि हातही शाबूत! अंथुर्ण्याला पोचताच तिने पुण्याला फोन लावला आणि सांगून टाकलं, ती जागा मला नको, मी इथेच राहणार.

परत येताना ती गाणं गुणगुणत होती. काटेवाडीच्या अलीकडे तिची बोटं आपोआप डाव्या जागेवरून फिरली. करंगळीपाशी ऊब तुटत नव्हती. शेवटपर्यंत होती. जागाही तेवढी रुंद राहिली नव्हती. तळवा अरुंद, बोटं लांब, निमुळती.

तिने गुणगुणणं थांबवलं.

घरी बुद्धघोष तिचीच वाट बघत होता. "बस, चहा ठेवलाय," तो स्वयंपाकघरातून म्हणाला.

ती दारात उभी राहिली. गॅस मोठा होता. चहा उकळून पातेल्याच्या काठाशी आला होता. बुद्धघोषने दोन्ही तळव्यांत ते पातेलं धरून उचललं, सावकाश ओट्यापर्यंत आणलं आणि न सांडता कप भरले.

"एवढा उकळला," तो म्हणाला, "तरी गारच लागतोय बघ."