डाव्या हाताचा टाका

"दुसरीच्या कामाची उलटी बाजू बघत जाऊ नको, लिडिया. त्यानं डोळं न्हाई बिघडत, मन बिघडतं."

शिवणघराच्या दीनाबाईंनी हे सांगितलं तेव्हा लिडिया सोळा वर्षांची होती, आणि तिनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं. नगरच्या त्या लांबट, कौलारू शिवणघरात वीसेक बायका पोलक्यांवर, झग्यांवर, लष्करातल्या मडमांच्या रुमालांवर भरतकाम करत. आणि भरतकामाचं खरंखोटं कळतं ते उलट्या बाजूनंच. सुलटी बाजू काय, पाहुण्यांसमोरच्या तोंडासारखी, सगळ्यांचीच गोड. उलटीकडे गाठी दिसतात, ओढलेले दोरे दिसतात, कंटाळा दिसतो. कापड उलटं करून लिडिया सांगायची, हे कोणाच्या हातचं, आणि भरताना बाई घरी भांडून आली होती की नाही. बायका हसायच्या. तिला वाटायचं, ही आपली हुशारी.

पुढे सहा वर्षांनी, लढाई ऐन भरात असताना, भाद्रपदातल्या एका दुपारी ती दारातल्या पायरीवर सुईत दोरा ओवत बसली होती. पाऊस तिरका येत होता. दोरा नेढ्यात जाणार... तेवढ्यात कुणीतरी पुढ्यात येऊन उभं राहिलं आणि उजेडच गेला.

"जरा सरता का? उजेड अडवलात."

"सरलो असतो हो. पण तिकडं पन्हाळ गळतंय."

तिनं वर पाहिलं. माणूस नखशिखांत भिजलेला. केसांतून, भुवयांतून, नाकाच्या शेंड्यावरून पाणी निथळतंय. आणि खांद्यावरचं गाठोडं मात्र कोरडं ठणठणीत, कारण स्वतःचा रेनकोट त्यानं त्या गाठोड्याला घातला होता!

"मी एलिया. प्रभुदास दलालांचा पुतण्या. काकांची नजर गेली, आता गिऱ्हाइकांची कामं मी आणणार."

प्रभुदासकाकांनी तीस वर्षं या शिवणघराला कामं आणली होती. हा पुतण्या कालपर्यंत लष्कराच्या कोठारात पोती मोजत होता. त्यानं गाठोडं सोडलं, आणि आतून लालभडक बारा कोट निघाले.

"नेवाशाच्या छगन बँडमास्तरांचे," तो म्हणाला. "प्रत्येकाच्या छातीवर मोर, पाठीवर वेल. दसऱ्याच्या मिरवणुकीला पाहिजेत."

लिडियानं एक कोट उलटा केला. मग दुसरा. मग तिनं डोळे मिटले.

"अस्तर लावलंय."

"मग! चांगलं गुळगुळीत आहे."

"बटणं लावलीत."

"पितळेची," तो अभिमानानं म्हणाला.

"आणि मोर भरायला सुई कुठून आत घालू? काजातून?"

त्यानं एक काज बोटानं चाचपून बघितलं.

"अहो दलालसाहेब, आधी कापड, मग भरतकाम, मग अस्तर, मग शिलाई. तुमचे काका कापलेलं कापड आणायचे. तुम्ही शिवलेला कोट आणलात. भाकरी भाजून झाल्यावर पीठ मळा म्हणताय!"

"काका म्हणाले, ऑर्डर घे. कशी घ्यायची ते बोलले नाहीत..." त्यानं ओलं कपाळ पुसलं. "आता काय करायचं?"

"उसवायचं."

"कुणी?"

लिडियानं कात्री त्याच्या हातात ठेवली. ठेवताना बोटाला बोट लागलं. गार होतं त्याचं बोट. तिनं आपला हात जरा लवकरच मागं घेतला.

बारा कोटांची अस्तरं उसवायला एलियाला तीन दिवस लागले. शिवणघराच्या व्हरांड्यात मांडी घालून बसायचा, एकेक टाका कापायचा आणि मधेच विचारायचा, "लिडियाबाई, हा कापू का हा?" ती मान वर न करता सांगायची, "तो." तो म्हणायचा, "बघितलंत कुठं तुम्ही?" ती म्हणायची, "बघायला कशाला हवं? तुम्ही बोट ठेवाल तो चुकीचाच असणार."

पण ती बघत होती. आपण किती बघतो, ते तिचं तिलाच ठाऊक.

कोट कसेबसे झाले. त्यानंतर मात्र एलियाच्या चुकांची रांगच लागली. विलायती दोरा लढाईमुळे येत नव्हता, देशी लाल रंग सोडायचा. यानं एका मारवाडी घरी पांढऱ्या मलमलीवर लाल गुलाब कबूल केले. एका मडमेला मखमलीवर, जिच्या लवेत टाका बुडतो, बारीक अक्षरं "परवा देतो" म्हणून आला. एकदा तर नवरीच्या पोलक्याचं काम आणलं आणि माप विचारलं तर दोन्ही हातांनी हवेत दाखवलं, "अशी आहे... बेताची."

"कुणाची मुलगी हवेत मापून आलात, लाज नाही वाटली?"

"डोळे मिटून मापली," तो म्हणाला. "खरंच सांगतो. डोळे मिटले की मला एकीशिवाय दुसरं कुणी दिसतच नाही हल्ली."

बायका फिस्सकन हसल्या. लिडियाचे कान तापले. त्या तापल्या कानांच्या रागात ती बोलून गेली, "ज्याला एक पान भरता येत नाही त्यानं बागेची ऑर्डर घेऊ नये!"

त्या दिवशी एलिया हसला नाही. "खरं आहे," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

मग हळूहळू काहीतरी बदललं. तो गिऱ्हाइकाला विचारून यायला लागला... कापड कुठलं, धुणार कोण, अस्तर आहे का. एका मडमेला त्यानं सांगितलं म्हणे, "एका गुलाबाला एक दिवस लागतो बाई, घाई असेल तर कळी घ्या." दीनाबाई खूश झाल्या. लिडियालाही आनंद झाला, आणि लगेच आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न आला. हे याला शिकवलं कुणी? मी तर नाही.

उत्तर एका गुरुवारी मिळालं. एलिया कोल्हारहून मोटारीनं आला होता; लढाईत पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी कोळशाच्या धुरावर चालत. चेहऱ्यावर काजळी. खिशातून रुमाल काढून त्यानं तोंड पुसलं, आणि लिडियाला कोपऱ्यात एक हिरवं पान दिसलं.

"बघू."

"नको. मळलाय."

पण तोवर तिनं घेतला होता आणि, सवयीनं, उलटा केला होता.

पानाचे टाके उजवीकडून डावीकडे झुकलेले. नगर जिल्ह्यात असे टाके घालणारी एकच बाई लिडियाला माहीत होती, कोल्हारची कृपा. कृपा डावखुरी. पूर्वी याच शिवणघरात लिडियाच्या शेजारी बसायची. नवरा लढाईच्या कामावर समुद्रापार इराकात, बसऱ्याला गेला, आई अंथरुणाला खिळली, म्हणून गावी परतली. तिचं काम आधी प्रभुदासकाका घरपोच न्यायचे-आणायचे, आता एलिया. गोरी, लांब मानेची, हळू बोलणारी.

"कुणी भरलं हे?"

एलिया लाल झाला. काजळीतूनही दिसलं. "आहे... कुणीतरी."

"कोल्हारला हल्ली आठवड्यातून दोनदा जाणं होतं म्हणे."

"कृपाताईंचं काम असतं ना."

"ताई म्हणायला काय लागतं! प्रवरेकाठची हवा मानवलेली दिसतेय. रंग उजळलाय काजळीखाली."

"लिडियाबाई, तुम्हाला... वाईट वाटतंय का?" त्यानं इतक्या आशेनं विचारलं, की दुसरी कुणी असती तर तिला तिथंच सगळं समजलं असतं.

"मला?" ती म्हणाली. "मला कशाला वाईट वाटेल? रुमाल धुताना बघा मात्र. रंग सोडेल."

त्यानंतर तिला झोप लागेना, जेवण जाईना. सुईत दोरा ओवला की कृपाची लांब मान दिसायची. त्या मानेवर वाकून कुणी बसलंय असं दिसायचं. नवरा बसऱ्याला आणि बाई इथं रुमाल भरतेय... असले विचार, जे मोठ्यानं म्हणता येत नाहीत. रविवारच्या उपासनेत गुडघे टेकले तरी तेच.

आणि त्याच आठवड्यात दीनाबाईंनी तिच्यापुढे एक गाठोडं ठेवलं. "कोल्हारचं काम आलंय. मला बारीक दिसत न्हाई आता. तू बघ आन सांग."

लिडियानं बघितलं. निर्दोष काम होतं. एक गाठ नाही, एक दोरा ओढलेला नाही. इतक्या शांतपणे भरलेलं, की तिला त्या शांतपणाचाच राग आला.

"टाका उलट्या बाजूला झुकतो," ती म्हणाली. "आपल्या कामाशेजारी ठेवलं तर चमक वेगळी दिसते. गिऱ्हाईक परत करेल."

खोटं नव्हतं ते. म्हणूनच ते बोलणं सोपं गेलं. कृपाचं काम आजवर इतरांच्या कामात न मिसळता वेगळ्या संचाला लावत, त्यानं कधी काही बिघडलं नव्हतं, तेवढं मात्र ती बोलली नाही. दीनाबाईंनी मान हलवली, आणि कोल्हारला जाणारं काम बंद झालं.

एलियाचा तेव्हा पुण्या-सोलापूरचा फेरा होता. पाच आठवड्यांनी तो परतला तो थेट शिवणघरात आला. आज थट्टा नव्हती.

"कृपाताईंचं काम का थांबलं? कुणीतरी म्हणालं, टाका उलटा पडतो म्हणून."

"पडतो," लिडिया म्हणाली. "तुमच्या खिशात नमुना आहे की."

त्यानं रुमाल काढला. पानाकडे बघितलं, मग तिच्याकडे. मग काही न बोलता तिच्यासमोर बसला, तिच्या हातातली कापड ताणलेली रिंग घेतली, सुई घेतली, आणि भरायला लागला. जीभ दातांत धरून, शाळेतल्या पोरासारखा. टाका पडला. दुसरा पडला. झुकलेले... त्याच बाजूला.

सुई त्याच्या डाव्या हातात होती.

"तुम्ही... जेवता तर उजव्या हातानं," लिडियाच्या तोंडून निघालं.

"शिकवणारी डावखुरी. त्यांनी जशी धरली तशी मी धरली. मला काय ठाऊक सुईला उजवा हात असतो!" त्यानं मान वर केली नाही. "तुम्हीच म्हणालात, एक पान भरता येत नाही त्यानं बागेची ऑर्डर घेऊ नये. तुमच्यापुढे शिकलो असतो तर पहिल्याच टाक्याला हसला असतात. कृपाताई हसत नाहीत. सहा रुमाल नासले. हा सातवा. तुम्हाला द्यायचा होता... पान जरा बरं झालं की."

पानाच्या कडेला दोन टाके सुटले होते. कृपाच्या हातून असं कधी सुटलं नसतं. सगळ्या शिवणघराची उलटी बाजू वाचणाऱ्या लिडियाला ते दिसलं नव्हतं.

आता गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. रुमाल तिचा होता, माणूस तिचा होता. पण त्याच्या बोटांच्या टोकांवर सुया टोचल्याचे काळे ठिपके होते, आणि त्यांच्याकडे बघत गप्प राहणं तिला जमेना.

"मी थांबवलं तिचं काम," ती म्हणाली. "काम चांगलं होतं. मला वाटलं, तुम्ही आणि ती..."

एलियानं सुई खाली ठेवली. लिडियाला वाटलं, आता उठेल, आणि मग कधीच या दारात उभा राहून उजेड अडवणार नाही.

"उद्या पहिल्या मोटारीनं मी कोल्हारला जातोय," तो म्हणाला. "यायचं का ते तुम्ही ठरवा."

त्या दुपारी लिडियानं वीस बायकांसमोर दीनाबाईंना खरं सांगितलं. दीनाबाई रागावल्या नाहीत, त्याचंच तिला जास्त लागलं. "जा," एवढंच त्या म्हणाल्या. "काम घिऊन जा तिच्यासाठी."

कोल्हारला कृपाच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या छबूबाईनं ओसरीवरूनच सांगितलं, "गेली की. आईला गाडीत घालून मिरजगावला, मावसभावाकडं. हितं बसून काय खानार हुती? लई वाट बघितली कामाची."

परतीच्या मोटारीत दोघं शेजारी बसली. कोळशाचा धूर आत येत होता, म्हणून डोळे पुसायला कारण होतं.

"मी रागावलोय," एलिया म्हणाला.

"माहीत आहे."

"आणि तरी लग्न तुमच्याशीच करायचंय. राग जाईपर्यंत थांबू का?"

"नका थांबू," लिडिया म्हणाली. "राग घेऊनच या. मी सांभाळीन त्यालाही."

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. पण त्याचा हात हळूच तिच्या हाताशी आला, आणि या वेळी तिनं आपला मागं घेतला नाही.

नाताळानंतर त्यांचं लग्न झालं. एलिया काम घेऊन मिरजगावला दोनदा जाऊन आला. कृपा दोन्ही वेळा उंबऱ्यातच उभी राहिली. हसली. "समदं बरं हाय, दादा," म्हणाली, आणि गाठोडं न सोडता परत दिलं. एलियाला ते पटलं. लिडियाला नाही पटलं. बाईमाणूस उंबऱ्यात उभं राहून पुरुषाला दुसरं काय सांगणार?

आता लिडियाच्या मांडीवर तीन महिन्यांची लेक आहे. तिचा श्वास नीट चालला आहे ना, हे घटकेघटकेला बोट लावून बघते ती. एवढ्या तान्हीला घेऊन धुराच्या मोटारीनं मिरजगाव गाठवत नाही. आणि गेली तरी कृपा तिच्याशीही उंबऱ्यातूनच बोलेल. म्हणून ही गोष्ट ऐकणाऱ्या तुमच्याकडे तिचं एक मागणं आहे. तुमचं माहेर त्या बाजूला असेल, किंवा मोटार मिरजगावला घटकाभर थांबणार असेल, तर कोल्हारहून आलेल्या कृपाचं घर विचारा. पाणी मागा, म्हणजे ती आत बोलावील. आत गेल्यावर बघा, चूल पेटलेली आहे का. आईच्या अंगाखाली कोरडं अंथरूण आहे का. बसऱ्याहून पत्र आलं का. ती म्हणेल, बरं आहे. तिच्या म्हणण्यावर जाऊ नका. बसा जरा वेळ, आणि नीट बघून या.